तापवलेला निळा

मी न्याय-वैशेषिक दर्शनं शिकवतो. पाकज, म्हणजे उष्णतेने उपजणाऱ्या, गुणांचं प्रकरण आलं की मुलं जांभया देतात. कच्चं, काळसर मडकं भट्टीत लाल झालं, तर बदललं नेमकं काय? वैशेषिक म्हणतात, मडकं परमाणूंपर्यंत फुटतं, परमाणूंचा रंग पालटतो आणि मडकं पुन्हा जुळतं. नैयायिक म्हणतात, सबंध मडकंच जागच्या जागी रंगतं.

यंदा ओळखीच्या सराफाकडून टांझानाइटचा खडा मागून वर्गात नेला. झोइसाइट या कॅल्शियम-ॲल्युमिनियमच्या सिलिकेटची ही दुर्मीळ जात. उत्तर टांझानियात, मेरेलानीच्या टेकड्यांत 1967 साली सापडलेली. खाणीतून निघताना बहुतेक खडे तपकिरीच असतात, सुमारे 500-600 अंश सेल्सियसला तापवले की निळे होतात. खिडकीपाशी धरून फिरवला, तर एकीकडून गर्द निळा, दुसरीकडून जांभळा. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून आली.

भट्टीत स्फटिकाची घडण मोडत नाही. त्यात अगदी किंचित असलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अणूंवरचा विद्युतभार तेवढा बदलतो. म्हणजे बदल सूक्ष्मात होतो, एवढं वैशेषिकांचं खरं. पण खडा क्षणभरही खडा असायचा थांबत नाही.

तापवलेला खडा नकली, हे म्हणणं मला मुळीच पटत नाही. अग्निसंयोग बाहेरून आला खरा, पण निळ्या रंगाचं समवायी कारण, म्हणजे तो रंग ज्यात वसतो ते द्रव्य, तो खडाच आहे, रंग त्याचाच. माझा कौल नैयायिकांना. विकणाऱ्याने मात्र खडा तापवलेला आहे, हे पावतीवर स्पष्ट लिहावं.