कॅमेऱ्यासमोरची संमती

1973 च्या जानेवारीत अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने ‘अ‍ॅन अमेरिकन फॅमिली’ ही मालिका दाखविण्यास आरंभ केला, त्यापूर्वी सांता बार्बरा येथील लाउड कुटुंबाच्या घरात कित्येक महिने ठाण मांडून बसलेल्या कॅमेऱ्याने सुमारे 300 तासांचे चित्रण केले होते, आणि त्यातून वेचलेले अवघे 12 भाग लोकांपुढे आले. प्रवासाहून परतलेल्या पतीच्या हाती पत्नी आपल्या वकिलाचे कार्ड ठेवते आणि त्याने आता घर सोडावे असे सांगते, हा प्रसंग त्या समाजाने श्वास रोखून पाहिला. लाउड दांपत्याची तक्रार मात्र अशी, की संकलन करणाराने आमच्या जगण्यातील कटुता तेवढी उचलली.

आज तोच कॅमेरा दांपत्यजीवनाच्या अधिक नाजूक दालनात शिरला आहे. ब्रिटनच्या चॅनल 4 ने 2022 साली ‘ओपन हाउस: द ग्रेट सेक्स एक्सपेरिमेंट’ सुरू केले, त्यात एकनिष्ठ जोडपी एका ग्रामीण हवेलीत येतात, मुक्त संबंध मानणाऱ्यांच्या सहवासात राहतात आणि लोरी बेथ बिस्बी या मानसशास्त्रज्ञ बाईंशी सल्लामसलत करून आपल्या नात्याची कक्षा रुंदवावी काय, हे अजमावतात. 2024 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील पीकॉकने ‘कपल टू थ्रपल’ आणले, आणि तेथे जोडप्यांनी तिसऱ्या व्यक्तीस आपल्या नात्यात सामावून घेण्याचा प्रयोग आरंभला.

परस्परांच्या संमतीने अनेकांशी संबंध ठेवणाऱ्या प्रौढ स्त्रीपुरुषांस दोष देण्याचा माझा मानस नाही. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखापायी 1931 साली र. धों. कर्वे यांना सरकारी खटल्यास तोंड द्यावे लागले, त्या महाराष्ट्रात तरी अशा प्रश्नाची चर्चा फौजदाराच्या भाषेत होऊ नये. माझा आक्षेप नात्यावर नाही, चित्रणाच्या व्यवस्थेवर आहे. या जीवनपद्धतीचा सारा डोलारा ज्या एका तत्त्वावर उभा आहे, ते असे, की काल दिलेला होकार आज परत घेता येतो, आणि तो परत घेणाऱ्यावर कुणी रुसत नाही. आणि नेमके हेच तत्त्व करारनाम्यावर सही होताक्षणी लंगडे पडते. शेजारच्या खोलीत आपला जोडीदार परक्याबरोबर आहे, आपण बाहेरच्या बाकावर बसून बोटे चाळवीत आहोत, घशाशी आवंढा आला आहे, अशा क्षणी ‘पुरे, मला हे सोसत नाही’ असे म्हणण्याची मुभा त्या माणसाला असते, परंतु तो आवंढा दाखवू नका असे म्हणण्याचा अखत्यार बहुधा नसतो. त्याची माघारसुद्धा कार्यक्रमाच्या जमेस धरली जाते. किंबहुना मत्सर हेच तेथील भांडवल असल्याने, माघार जितकी क्लेशकारक तितकी ती निर्मात्याला मोलाची.

अशी नाती निभावणारांचा खरा उद्योग फार संथ असतो. कोणता वार कुणासाठी, आजारपणात उशाशी कोण बसणार, मुलांना काय आणि कधी सांगायचे, याची पुन्हा पुन्हा होणारी, कधी रात्र रात्र लांबणारी बोलणी म्हणजेच ते नाते. मॅसॅच्युसेट्समधील सॉमरव्हिल नगराने 2020 साली दोहोंपेक्षा अधिक व्यक्तींच्या सहजीवनाची नोंद मान्य केली, त्यावेळी आरोग्यविम्यासारखा रोकडा प्रश्नच पुढे होता. असल्या प्रश्नांना पडद्यावर जागा मिळणे कठीण, आणि म्हणून प्रेक्षकाच्या मनात या जीवनाची जी प्रतिमा ठसते तिच्यात शय्या आणि अश्रू यांखेरीज फारसे काही उरत नाही.

ब्रिटनमधील ऑफकॉम या नियामक संस्थेने 2021 च्या एप्रिलपासून सहभागी व्यक्तींच्या हिताची काळजी वाहण्याचे नियम अंमलात आणले. ते मला अपुरे वाटतात. ज्या कार्यक्रमाचा विषयच संमती आहे, त्याने संकलन पुरे झाल्यावर ते प्रत्येक सहभागी व्यक्तीला, आणि आमंत्रित तिसऱ्या व्यक्तीलाही, प्रथम दाखवावे, आणि हा भाग प्रसारित करू नका असे तिने म्हटल्यास, तो कितीही रंगतदार असो, दंडाची अथवा नुकसानभरपाईची भाषा न करता गाळावा.