हवेचा कानोसा

नवागामात उजाडलं आहे. कुठेतरी लूम रात्रीपासून खडखडत आहेत. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी अहिराणीत हाक मारतं.

गाडी उघड्यावर उभी आहे. हँडब्रेक लावा. गिअर न्यूट्रलला आणा. बोनेट उघडा.

चावी फिरवू नका. अजून नको.

एक श्वास घ्या, सावकाश. आत शिरताना हवा नाकपुडीला गार लागते. तेवढंच जाणवू द्या.

समोरचं इंजिनही हवा ओढतं. एक लिटर पेट्रोल जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. पेट्रोल आपण मोजून घेतो. हवेकडे बघतो कोण?

आज तिच्याकडेच बघा. ती ज्या वाटेनं आत जाते, त्या वाटेनं नजर नेऊ या.

आधी फिल्टरचा डबा. क्लिपा सोडा. फिल्टर उचला आणि उजेडासमोर धरा.

कागदाच्या घड्यांत धूळ बसली आहे. धुळीत कापडाचे बारीक तंतू. एक घडी बोटांनी हलकेच उघडा. पलीकडचा उजेड दिसतो का?

पाहत राहा. उजेड अडतो, तिथे हवाही अडते.

पुढे सेन्सर. बऱ्याच गाड्यांत इथे एक बारीक, तापणारी तार असते. जाणारी हवा तिला गार करते. तिला तापतं ठेवायला वीज किती लागली, त्यावरून हवा मोजली जाते.

तिला बोट लावू नका. नुसतं बघा.

मग रबरी पाइप. मग थ्रॉटल बॉडी. आत गोल झडप, तिच्या कडेला काजळी. आयडलिंगला हवा जायला फट मुळातच लहान. काजळी तीही बुजवते.

पुन्हा एक श्वास.

फिल्टर जागेवर बसवा. क्लिपा लावा. आता चावी फिरवा.

इंजिन गरम होऊ द्या. आरपीएमची सुई बघा. आठशेच्या आसपास टिकते, की खालीवर होते?

बोटं, बाह्या पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवा. रबरी नळीचा एक लांब तुकडा घ्या. एक टोक कानाशी. दुसरं पाइपच्या सांध्यापाशी.

ऐका.

टिकटिक येते, ती इंजेक्टरची. जाऊ द्या. घरघर येते, ती पट्ट्याची. तीही जाऊ द्या.

नळी थोडी पुढे सरकवा. ऐका.

सूं... बारीक, सलग.

इथून न मोजलेली हवा आत शिरते आहे. सेन्सरला तिचा पत्ताच नाही. म्हणून हिशेबात पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन अडखळतं.

लगेच पाना उचलू नका. तो आवाज पुरता ऐकून घ्या.

आता बघा. पाइपच्या वळणावर, घडीच्या आत, भेग आहे. जागा गरम नसेल तर चिमटीत धरा. सूं थांबतं. सुई स्थिर होते. सोडा. सूं पुन्हा येतं.

आणखी एकदा धरा. आणखी एकदा सोडा. खात्री होऊ द्या.

इंजिन बंद करा. दुकानात जाऊन एवढा पाइप मागा. सेन्सर, प्लग, इंजेक्टर कुणी सुचवले, तरी आज घेऊ नका.