नॉमिनीला नॉमिनीच म्हणा

शाळेत मराठीच्या मास्तरांनी आम्हाला एक व्रत दिलं होतं : निबंधात तोच शब्द पुन्हा वापरायचा नाही. चंद्र एकदा उगवला की पुढे शशी, मग सुधाकर, मग रजनीनाथ. चंद्राची काही तक्रार नव्हती. त्याचं बँकेत खातं नाही.

ज्यांचं असतं, त्यांची पंचाईत होते. बँकांची माहितीपत्रकं लिहिणारा बहुधा निबंधात बक्षीस मिळवलेला असावा. पहिल्या ओळीत तो 'नॉमिनी' लिहितो, दुसरीत 'नामनिर्देशित व्यक्ती' आणि तिसरीत, शोभेला, 'वारस'. खिडकीशी उभ्या आजी विचारतात, "साहेब, हे तिघं कोण? मला तर दोनच मुलगे."

आजी, पहिले दोघे एकच, तिसरा वेगळा. बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते. पण ते त्याच्या मालकीचे होत नाहीत, ते वारसाहक्काप्रमाणेच जातात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सांगून ठेवलंय. एका शोभेच्या शब्दापायी दोन सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढू शकतात.

मला तर यात नीतीचा प्रश्न दिसतो. शब्द बदलला म्हणजे वस्तू बदलली, असं वाचणारा विश्वासानं धरून चालतो. कायदा वाचताना न्यायाधीशही सहसा तसंच धरतात. लिहिणाऱ्याची हौस होते, किंमत आजी मोजतात.

कवितेत चंद्राला हजार नावं द्या. फॉर्मवर मात्र नॉमिनी पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत नॉमिनीच राहू द्या. वाचणारा कंटाळेल, कबूल. पण कंटाळलेला माणूस वकील गाठत नाही.