बाळंतिणीचा स्वभाव आणि घराची जबाबदारी

बाळंतपणानंतर एखादी स्त्री वरचेवर रडू लागली, बोलेनाशी झाली किंवा बाळाला मांडीवर घेऊनही तिचा चेहरा उजळेनासा झाला, की मराठी घरांत त्याची दोन स्पष्टीकरणे सहज दिली जातात. एक असे की हा ओल्या बाळंतिणीचा अशक्तपणा आहे, सव्वा महिना उलटला की तो आपोआप जाईल. आणि दुसरे असे की ती मुळातच हळवी किंवा चिंतेखोर आहे आणि स्वभावाला औषध नाही. यांतले पहिले स्पष्टीकरण बऱ्याच जणींच्या बाबतीत खरे ठरते. दुसरे मात्र अर्धेच खरे आहे आणि म्हणूनच अधिक घातक आहे, कारण ते आजाराचे सारे मूळ त्या स्त्रीच्या घडणीत शोधते आणि तिच्या भोवतालच्या माणसांना जबाबदारीतून परस्पर मोकळे करते.

प्रसूतीनंतर मनाच्या ज्या अवस्था दिसतात, त्यांत प्रथम भेद केला पाहिजे. पहिल्या काही दिवसांत येणारे रडू आणि चिडचिड ही बहुसंख्य बाळंतिणींच्या वाट्याला येते आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरते. प्रसूतिपश्चात नैराश्य मात्र त्यापुढेही टिकते. त्यात कशातच गोडी न वाटणे, बाळ शांत झोपलेले असतानाही आईला झोप न लागणे, आपण आई होण्यास नालायक आहोत असे सतत वाटणे आणि कधी कधी जीव देण्याचे विचार येणे ही लक्षणे असतात. याहून वेगळा आणि विरळा असा तीव्र चित्तभ्रम हजारांत एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला होतो आणि त्यावर तातडीने रुग्णालयात उपचार करावे लागतात. भारतात झालेल्या 38 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. वीस हजारांवर मातांचा समावेश असलेल्या त्या आढाव्यानुसार प्रसूतिपश्चात नैराश्याचे प्रमाण सुमारे 22 टक्के, म्हणजे पाच मातांमागे एकीहून थोडे अधिक आहे.

या नैराश्याचा व्यक्तिमत्त्वाशी संबंध आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मानसशास्त्रज्ञ व्यक्तिमत्त्वाचे वर्णन ज्या पाच प्रमुख गुणविशेषांच्या आधारे करतात, त्यांपैकी एक म्हणजे भावनिक अस्थिरता. हा दोष किंवा आजार नव्हे. चिंता, खिन्नता आणि अपराधीपणा यांसारख्या भावना इतरांपेक्षा लवकर व अधिक तीव्रतेने अनुभवण्याकडे असलेला तो कल होय. हा कल ज्यांच्यात अधिक असतो, त्या स्त्रियांना प्रसूतीनंतर नैराश्य येण्याचा धोकाही अधिक असतो, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत आढळले आहे. परिपूर्णतेच्या हव्यासाचेही असेच आहे. स्वतःसाठी उंच मापदंड ठेवणे तेवढे अपायकारक नसते, पण चूक होण्याची सततची धास्ती मनाला पोखरते. दूध पाजल्याची प्रत्येक वेळ वहीत टिपून ठेवणारी, बाळाचे वजन थोडे कमी भरले तरी तो आपलाच गुन्हा समजणारी आणि मदतीला आलेल्या आईच्या किंवा सासूच्या हाती बाळ देण्यासही कचरणारी बाळंतीण सर्वांच्या कौतुकाचा विषय होते. तिची ही दक्षता भीतीतून आलेली असू शकते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

तरीही येथे सावधगिरी हवी. नैराश्यात असलेल्या स्त्रीला तिच्या स्वभावाविषयी विचारले, तर ती आजाराने काळवंडलेले उत्तर देते. आपण पहिल्यापासूनच अशा आहोत, असे तिला त्या अवस्थेत प्रामाणिकपणे वाटत असते. घरच्या माणसांनाही तिचे पूर्वीचे वागणे मग त्याच नजरेतून आठवू लागते. म्हणून स्वभाव आणि आजार यांचा संबंध तपासायचा तर स्वभावाची नोंद गर्भारपणात किंवा त्याही आधी झालेली असावी लागते.

स्वभाव हेच एकमेव कारण असते, तर परिस्थिती बदलल्याने आजाराच्या प्रमाणात फरक पडला नसता. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात केलेला आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने मोलाचा आहे. तेथील एका जिल्हा रुग्णालयात गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत नोंदवलेल्या 270 स्त्रियांचा पाठपुरावा केला असता, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांना नैराश्य असल्याचे दिसले; त्यांच्यापैकी 78 टक्के जणी गर्भारपणातच मानसिक त्रासात होत्या आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. दारिद्र्य, वैवाहिक संबंधांतील कलह आणि नवऱ्याकडून होणारी मारहाण यांचा या नैराश्याशी संबंध आढळला. इतकेच नव्हे, तर जन्मलेले मूल मुलगी आहे की मुलगा यावरही धोका कमीअधिक होत होता, आणि मारहाण व उपासमार यांचा परिणामही त्यानुसार बदलत होता. हा निष्कर्ष निर्णायक आहे, कारण पोटी मुलगी यावी की मुलगा हे कोणत्याही स्त्रीच्या स्वभावावर ठरत नाही. मुलगी झाली म्हणून धोका वाढत असेल, तर त्या वाढीचे उत्तर मुलीच्या जन्माने नाराज होणाऱ्या घराने आणि समाजाने द्यायचे आहे.

उपचारांचा अनुभवही हेच सांगतो. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात गर्भारपणी नैराश्य असलेल्या मातांना स्थानिक आरोग्यसेविकांनी घरी जाऊन, विचारांची घातक वळणे ओळखण्यास व बदलण्यास मदत केली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी अशी मदत मिळालेल्या मातांपैकी 23 टक्के जणींना, तर साध्या गृहभेटी मिळालेल्यांपैकी 53 टक्के जणींना नैराश्य होते. त्या मातांचे स्वभाव पालटण्याचा घाट कोणी घातला नव्हता. आजारावर इलाज झाला आणि बहुतेकींचा आजार हटला.

महाराष्ट्राला हे अवघड नाही. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची जी पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी सिद्ध केली, तिच्या आधारे आज देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरावीक भेटी देतात, बाळाचे वजन करतात आणि ताप पाहतात. दीड महिन्याच्या लसीसाठी तर आईच बाळाला घेऊन आरोग्य केंद्रात येते. एडिंबरा येथे तयार झालेली आणि 1987 मध्ये प्रसिद्ध झालेली दहा प्रश्नांची सोपी चाचणी अशा वेळी काही मिनिटांत घेता येते. ती निदान करत नाही, पण कोणाला डॉक्टरांकडे पाठवावे हे सांगते. हीच विचारपूस गर्भारपणाच्या तपासणीतही व्हायला हवी, कारण गोव्यातील बहुतेक मातांचा त्रास तेव्हाच सुरू झालेला होता.

स्वभावाच्या ज्ञानाचा खरा उपयोग दोष देण्यासाठी नसून तयारीसाठी आहे. जी स्त्री चटकन धास्तावते, तिची झोप पूर्ण व्हावी म्हणून रात्री बाळाला सांभाळण्याची पाळी घरातील इतरांनी घ्यावी. जी कधीच मदत मागत नाही, तिच्याजवळ न मागता बसावे. आणि दोन आठवड्यांनंतरही उदासी हटली नाही, तर केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा किंवा जवळच्या डॉक्टरांना गाठावे, आणि जीव देण्याची भाषा कानी आली तर एक दिवसही थांबू नये. डिंकाचे लाडू, शेक आणि मालीश यांत हयगय न करणाऱ्या घरांनी बाळंतिणीच्या मनाचीही रोज चौकशी करावी, आणि तिचा स्वभावच असा आहे हे वाक्य तिच्या आजाराचे निदान म्हणून उच्चारणे कायमचे सोडावे.