आजचं चिंतन : गीता 9.30 आणि गावी परतलेला माणूस



आजच्या श्लोकात भगवंत सांगतात, मोठा दुराचारीही अनन्यभावानं माझ्याकडे वळला तर त्याला साधूच समजा, कारण त्याचा निश्चय आता योग्य झालाय. वाचताना छान वाटतं. पण तोच माणूस शेजारी राहायला आला तर?

त्यातही मनोरुग्णाची गोष्ट वेगळी. कृत्य घडलं तेव्हा निश्चय नव्हताच, होता तो आजार. म्हणून तर भारतीय न्याय संहितेचं कलम 22 ते कृत्य गुन्हा मानत नाही. कोर्ट त्याला येरवड्यासारख्या मनोरुग्णालयात ठेवू शकतं, नाहीतर हमी घेऊन नातेवाइकांकडे सोपवतं. तो बरा होऊन घरी आला की गावाचा प्रश्न एकच : पुन्हा करेल का?

मी आधी आकडे शोधले (इंजिनिअरची खोड!). 2016 च्या एका अभ्यासात 10 देशांतल्या सुरक्षित मनोरुग्णालयांतून सुटलेले 12,056 रुग्ण होते. त्यांच्यात पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण तुरुंगातून सुटलेल्यांपेक्षा कमी निघालं. शून्य नाही, कमी. आत्महत्यांचं प्रमाण मात्र खूप मोठं. ज्याला गाव घाबरतं, तो स्वतःही धोक्यात असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी येडगावला आईला विचारलं, "अशा माणसाला आपली मळ्यातली खोली देशील का गं?" मला वाटलं, नाहीच म्हणेल. ती भाकरी उलटत म्हणाली, "देईन की. पण त्याच्या गोळ्या येळेवर कोण देणार? तू तर पुण्याला."

मी गप्प.