पांढऱ्या पाठीच्या गायी

मुळशीतले मुठा खोरे असो की देशावरचे माळ, गायीला नाव बहुधा रंगावरून मिळते. ढवळी, कपिला, तांबू, बांडी. हा रंग ती जन्मभर वागवते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत मात्र १९४५ साली तांबड्या गायींच्या पाठी पांढऱ्या पडल्या.

१६ जुलैच्या पहाटे तिथे जगातला पहिला अणुस्फोट झाला होता. वाऱ्यावर गेलेली किरणोत्सारी राख चुपाडेरा पठारावर चरणाऱ्या गुरांच्या पाठीवर बसली. कातडी भाजली, केस झडले, आणि नवे उगवले ते पांढरे. केसाच्या मुळाशी रंगपेशी घडवणाऱ्या मूळ पेशींचा राखीव साठा असतो. किरणोत्साराची इजा झाली की या मूळ पेशी अकाली पक्व होतात आणि साठा सरतो, हे जपानच्या एमी निशिमुरा यांच्या गटाने २००९ मध्ये उंदरांवर दाखवले. केस वाढतो, रंग येत नाही. लष्कराने त्यातल्या काही गायी विकत घेऊन लॉस अॅलॅमॉस आणि ओक रिजच्या संशोधकांकडे धाडल्या. पुढे काहींच्या त्याच भाजलेल्या पाठीवर कर्करोग झाला.

त्या गायींनी काय केले होते?

न केलेल्या कर्माचे फळ पदरी येणे, म्हणजे 'अकृताभ्यागम', हा आपल्या दर्शनकारांनी दोष मानला. तो टाळायला पूर्वजन्म पुढे केला जातो. हे उत्तर क्रूर आहे. त्यात भोगणारीचीच झडती होते आणि स्फोट घडवणारे हिशेबातून सुटतात. कर्मविचाराने आधी जाब विचारायचा तो करणाऱ्याला.

त्या स्फोटाच्या वेळी गीतेचा अकरावा अध्याय आठवला, असे बॉम्ब घडवणाऱ्या शास्त्रज्ञांचे प्रमुख ओपेनहायमर यांनी पुढे सांगितले. ते संस्कृत शिकलेले होते. त्याच गीतेच्या पाचव्या अध्यायात ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा यांच्याकडे समदृष्टीने पाहणाऱ्याला पंडित म्हटले आहे. तिथे गाय नावानिशी आहे. अकराव्या अध्यायातले काळाचे उग्र रूप आठवले. राखेखाली चरणारे जनावर कोणाच्या ध्यानी आले नाही. महाराष्ट्राने ही समदृष्टी कथेत जपली: पैठणला आसूड रेड्यावर पडला आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, अशी आख्यायिका आहे. जनावराची वेदना तिथे माणसापर्यंत पोचते. न्यू मेक्सिकोत ती निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोचलीच नाही. राख भोवतालच्या वस्त्यांवरही पडली होती. गायींचे पैसे मालकांना मिळाले. त्या वस्त्यांतल्या माणसांना भरपाईच्या कायद्यात जागा मिळायला २०२५ साल उजाडले.