सातबाऱ्यावर नाव नसलेला शेजारी



२६ नोव्हेंबर २०२३ या रविवारी ख्रिस्तराजाचा सण होता. त्या दिवशीचे शुभवर्तमान मत्तयच्या २५ व्या अध्यायातील होते. शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा कोणता हिशेब मागेल, हे प्रभू येशू त्यात सांगतो. भुकेल्याला, तहानलेल्याला, परक्याला आपण कसे वागवले, एवढाच तो हिशेब आहे. त्याच रविवारी आपल्या नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस व गारपीट झाली. निफाड तालुक्यात छाटणी होऊन घड धरलेल्या द्राक्षबागा झोडपल्या गेल्या.

अशा वेळी शासन मदत देते. पंचनामा होतो. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असावे लागते. यादीत नाव आले की आवश्यक असेल तर आपले सरकार सेवा केंद्रात जाऊन अंगठा द्यायचा, मग पैसे बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२३ पासूनच्या नुकसानीसाठी शासनाने जानेवारी २०२४ मध्ये दर वाढवले. तेव्हा फळबागेला हेक्टरी ३६,००० रुपये ठरले होते, तेही ३ हेक्टरांपर्यंत. द्राक्षाच्या औषध-खतांचा खर्चही त्यात निघत नव्हता, हे बागायतदार जाणतात. तरीही ही मदत म्हणजे भीक नाही. संकटात सापडलेल्याचा तो हक्क आहे.

पण एका गोष्टीचा विचार करू या. ही मदत सातबाऱ्यावरील नावाला मिळते. गार मात्र नाव पाहून पडत नाही. वाट्याने शेत करणाऱ्याचे बी-भरण आणि घाम दोन्ही वाहून जातात. पैसे मालकाच्या खात्यात येतात. वारसनोंद रखडलेली विधवा शेतात राबते; यादीत तिचे नाव नसते. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या कामाला येणाऱ्या मजुरांचे काढणीचे दिवस बुडतात. पंचनाम्यात त्यांच्यासाठी रकानाच नसतो.

प्रभूने द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला दिला आहे. तो धनी दिवस मावळताना पुन्हा चौकात गेला. ज्यांना कोणी कामावर घेतले नव्हते, त्यांनाही त्याने पूर्ण दिवसाची मजुरी दिली. त्याने तास मोजले नाहीत. त्यांच्या घरची चूल पाहिली. मजुरांचे पैसे अडवून ठेवणाऱ्यांना संत याकोबानेही आपल्या पत्रात कडक शब्दांत खडसावले आहे.

म्हणून ज्यांच्या खात्यात मदत जमा होते, त्यांनी स्वतःला विचारावे: हे नुकसान माझ्या एकट्याचे होते का? वाटेकऱ्याचा वाटा त्याला द्यावा. तो उपकार नव्हे, न्याय आहे. भावजयीचे, बहिणीचे नाव उताऱ्यावर लावण्यास आडकाठी करू नये. नुकसान झालेच नसताना पंचनाम्यात क्षेत्र वाढवून सांगणे म्हणजे खऱ्या गरजवंताच्या तोंडचा घास काढणे होय. आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी यादी पाहून द्यावी, म्हाताऱ्या माणसांना केंद्रापर्यंत सोबत करावी. ज्यांची शेती नाही, त्यांनी आसपासच्या एका मजूर कुटुंबाची चौकशी करावी.

शासन कागद पाहते, आणि त्याला ते पाहावेच लागते. कागदावर जे दिसत नाही ते पाहण्यासाठी परमेश्वराने आपल्याला शेजारी म्हणून ठेवले आहे. ख्रिस्तराजा हिशेब मागेल तेव्हा सातबारा मागणार नाही. ज्याचे नाव कुठल्याच यादीत नव्हते, तो मीच होतो, असे तो सांगेल.

प्रभू आपल्या शेतांचे रक्षण करो आणि आपल्याला न्यायाने वागण्याची कृपा देवो. आमेन.